अर्धी गोळी

बुधवारी सकाळी त्या घरी हॉटेलच्या चादरी यायच्या. गाठोडी दारात पडली की थोरली सून बाह्या वर सारून नळाखाली बसायची, चादरी भिजवायची, घासायची, पिळायची आणि मग एकेक बादली उचलून दोन जिने चढून गच्चीवर वाळत घालायची. लग्न होऊन आली तेव्हा दोन्ही जिने ती एका दमात चढत असे. चौदा वर्षांनी आता आठव्या पायरीवर बादली टेकवून उभी राहायची आणि कुणी पाहिलंच तर म्हणायची, "जाळी काढत होते." त्या जिन्यात एवढी जाळी नव्हती. पण पाहणारंही फारसं कुणी नव्हतं, म्हणून निभावून जात होतं.

त्या बुधवारी रिकामी बादली घेऊन ती खाली आली, तर धाकटी जाऊ खिडकीशी तक्क्याला टेकून बसलेली, पाय पाटावर, अंगावर शाल. आणि सासूबाई, ज्यांनी चौदा वर्षांत थोरलीला पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता, त्या स्वतःच्या हाताने तिला चहा देत होत्या.

"गरम आहे, जपून घे," सासूबाई म्हणाल्या. "आणि ऊठबस करू नकोस. काय लागेल ते थोरलीला सांग."

"ताईंना किती कामाला लावायचं, आई?" धाकटी म्हणाली.

"तिला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे ती."

दुसरी बादली भरून थोरलीने जिना धरला. पण आठव्या पायरीवर तिला दमापेक्षा त्या चहाच्या कपानेच जास्त थांबवून धरलं. थोरली जळत होती. हे साध्या शब्दांत सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते त्या जळण्यातून घडलं.

खाली इस्त्रीचं दुकान, वर घर, अशी ती जागा. दोघे भाऊ खाली इस्त्री करत, सासूबाई दाराशी खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी बोलत. घरात एक जुना रिवाज होता. बाहेरच्या माणसाने आतल्या बाईबद्दल काही विचारलं, तर उत्तर थोरल्या सुनेने द्यायचं. सासूबाई स्वतः थोरल्या सून होत्या, तेव्हापासूनचा हा नेम. कुणाची पाठ दुखते, कुणाचं पोट बिघडलंय, हे थोरलीच्याच तोंडून बाहेर जायचं. तिला वाटलं तर जायचं. औषधांचा डबाही तिच्याच ताब्यात असायचा. आता थोरलीलाच काही झालं तर कुणी सांगायचं, याचा विचार मात्र हा रिवाज घालून देणाऱ्यांनी केला नव्हता. तिने आपण होऊन सांगितलं तर ते कुरकुरणं ठरायचं.

दोन महिन्यांपूर्वी धाकटी आपल्या कामावर, शर्ट शिवण्याच्या कारखान्यात, काज-बटणांच्या मशीनवरच कोसळली. चाळीस बायका जमल्या. मुकादमीणबाईंनी तिला गाडीत घालून थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे कळलं की लहानपणी घसा धरून, ताप येऊन सांधे सुजण्याचं जे दुखणं येतं, ते तिला येऊन गेलं होतं. दुखणं गेलं, पण जाताना हृदयाची एक झडप आखडवून गेलं. रक्ताला पुढे जायला वाट पुरेना, म्हणून ते मागे फुफ्फुसांत तुंबत होतं. डॉक्टरांनी बारीक नळीतून फुगा आत नेला आणि झडप रुंद केली. चार दिवसांत धाकटीच्या चेहऱ्यावर रंग आला.

थोरली तेव्हा डबा घेऊन कॉटशेजारी उभी होती. डॉक्टरीणबाई सगळं समजावून सांगत होत्या आणि हिच्या पायांखालची जमीन सरकत होती. आठव्या वर्षी तिचेही दोन्ही गुडघे सुजले होते, तीन महिने शाळा बुडली होती. लग्नानंतर दोनदा पोट राहून गेलं, दोन्ही वेळा धाप लागून. दोनदा ती चक्कर येऊन पडलीही होती. पण ती पडली न्हाणीघरात, तिथे ना चाळीस बायका होत्या ना मुकादमीण. शुद्धीवर आल्यावर स्वतःच उठली आणि राहिलेली भांडी घासली.

घरी येताना तिने नवऱ्याजवळ विषय काढला. "मला पण लहानपणी असंच झालं होतं हो. मलाही धाप..."

"आता तुझं काही काढू नकोस," थोरला म्हणाला. "आधी तिचं निस्तरू दे."

सासूबाईंनी तेवढ्यातच मिटवून टाकलं. "एका घरात एका वेळी एकच आजारी. दोघी आडव्या झाल्या तर चादरी काय मी धुऊ?"

त्या हॉस्पिटलात एक पाहणी चालली होती. असा इलाज झालेल्या माणसांचं घरी गेल्यावर वर्षभरात काय होतं, कोण सुधारतं, कोण पुन्हा आजारी पडतं, कोण दगावतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यासाठी एक सिस्टर दर दुसऱ्या बुधवारी दुपारी फोन करणार होती. अर्जावर नंबर लिहिला धाकटीच्या नवऱ्याने, आणि लिहिला दुकानाचा. सुनांना वेगळे फोन कशाला, असं ते घर. दुपारी दुकान मिटलं की तो फोन वर यायचा आणि थोरली उचलायची.

पहिला फोन आला तेव्हा तिने रिवाजाप्रमाणे सांगून टाकलं, "बरी आहे ती. खाते-पिते, झोपते."

"तुम्ही कोण?" सिस्टरने विचारलं.

"थोरली जाऊ."

"मग त्यांनाच द्या ना फोन. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

"झोपलीय ती."

"बरं. पण पुढच्या खेपेला त्यांनाच द्या हं. दुसऱ्याने सांगितलेलं मला लिहिता येत नाही."

पंधरा दिवसांनी पुन्हा घंटा वाजली. धाकटी आत जागीच होती. थोरलीने फोन कानाला लावला. पलीकडून तोच मऊ आवाज आला, "आज तुम्ही स्वतः बोलताय ना?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "हो, मीच."

का निघून गेलं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. धाकटीला चहा मिळाला, शाल मिळाली, खिडकी मिळाली. आता कुणी तरी लांबून फोन करून तिची विचारपूस करणार, तीही वर्षभर! एवढं एक तरी आपल्या वाट्याला यावं, असं तिला वाटलं असेल.

"झोपताना उशा किती घेता?"

हा प्रश्न थोरलीला जन्मात कुणी विचारला नव्हता. "तीन," ती म्हणाली. "आडवं झालं की गुदमरायला होतं."

"पायांवर सूज आहे? बोट दाबलं तर खळगा पडतो?"

तिने वाकून पोटरीवर बोट दाबलं. "पडतो."

"जिना चढताना थांबावं लागतं का?"

"आठव्या पायरीवर. मग पुन्हा वर, कठड्याशी."

"अगं बाई," सिस्टर म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत इतकी कळकळ होती की थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "गोळ्या वेळेवर घेताय ना? ती लहान पांढरी गोळी अंगातलं जास्तीचं पाणी काढते, आणि गुलाबी गोळी ठोके आवरते. न चुकता घ्या, धाप कमी होईल. मी वाट बघते हं तुमच्या बऱ्या होण्याची."

फोन ठेवल्यावर थोरली बराच वेळ औषधांचा डबा मांडीवर घेऊन बसली. ज्या गोळ्यांनी आपली धाप कमी होईल, त्या डब्यात होत्या. पुड्यांवर नाव धाकटीचं होतं. या घरात आजवर जे आलं ते दोघी जावांनी निम्मं निम्मं घेतलं होतं, साबणाच्या वडीपासून खणातल्या जागेपर्यंत. मग हेच का नाही? तिने एकेक गोळी विळीवर धरली आणि तिचे दोन तुकडे केले, पांढरीचे आणि गुलाबीचेही.

"सिस्टरचा फोन होता," संध्याकाळी तिने धाकटीला सांगितलं. "आजपासून अर्धी अर्धी घ्यायची म्हणाल्या."

"खरंच? म्हणजे मी बरी होतेय!" धाकटी हरखली आणि तिने अर्धी गोळी गिळून टाकली.

वाचणारे म्हणतील, थोरली दुष्ट होती. म्हणू देत. मीही तिची वकिली करायला बसलेलो नाही. दुसऱ्याच्या तोंडचं औषध काढून घेणं याला दुसरं नाव नाही. पण तिला दुष्ट म्हणून पान उलटणार असाल, तर जरा दमानं. ज्या घराने दोन आजारी बायकांत एकीच्याच आजाराला जागा ठेवली होती, त्याचं नाव काय ठेवायचं, तेही त्याच पानावर ठरवून टाका.

पंधरवड्यात थोरलीची सूज कमी झाली. ती बाराव्या पायरीपर्यंत न थांबता जाऊ लागली. पुढच्या बुधवारी तिने सिस्टरला सांगितलं, "आता दोनच उशा," आणि सिस्टर मनापासून हसली, "शाब्बास!" त्या शाब्बासकीसाठी थोरली पुढचे पंधरा दिवस थांबली. आपल्याला बरं वाटावं म्हणून कुणी वाट बघतंय, ही चैन तिने कधी अनुभवली नव्हती, आणि ती सोडवेना. अर्ध्या गोळीवरून ती एक दिवसाआड देण्यावर आली. राहिलेलं सगळं तिच्या पोटात गेलं.

धाकटीला पुन्हा धाप लागू लागली. आधी ती लपवत होती. सगळे एवढं करतात आणि मी बरी होत नाही, याची तिला लाज वाटायची. शेवटी एक दिवस तिने विचारलं, "ताई, सिस्टरना सांगितलंत ना, मला पुन्हा दम लागतोय?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"होतं म्हणाल्या असं. इतकं मनाला लावून घेऊ नको."

थोरलीने दोनदा ठरवलं, उद्यापासून अख्खी गोळी द्यायची. पण दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई धाकटीच्या उशाशी बसलेल्या दिसल्या, तिचे केस विंचरत, आणि थोरलीचं मन पुन्हा कडू झालं. जिच्यासाठी सगळं घर वाकतंय, तिला एक गोळी कमी पडली तर काय बिघडतं, असं तिने स्वतःला समजावलं. मत्सराला सबबी लागत नाहीत आणि लागल्या तर हव्या तेवढ्या मिळतात.

पाचवा फोन झाल्यावर पुढच्याच बुधवारी, सकाळच्या पहिल्या बादलीच्या वेळी, धाकटीच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. थोरली धावली. धाकटी उठून बसली होती, ओठ निळे पडले होते, तोंडातून गुलाबी फेस येत होता. तिने थोरलीचं मनगट घट्ट धरलं. रिक्षात घालेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

हॉस्पिटलात तिला नाकाला नळी लावून आत नेलं. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई फाइल हातात घेऊन बाहेर आल्या. मागे सिस्टर होती. बाकावर सासूबाई, दोघे भाऊ, आणि भिंतीला टेकून थोरली.

"झडप थोडी गळतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एवढ्याने असं व्हायला नको. फोनवरच्या नोंदींत तर सगळी सुधारणाच लिहिलीय. गोळ्या पूर्ण घेऊनही ही वेळ आली असेल, तर छाती उघडून झडप बदलावी लागेल, आजच. अशा अवस्थेत ते फार धोक्याचं आहे, मी खोटी आशा दाखवणार नाही. म्हणून एकदा पक्कं सांगा. गोळ्या चुकल्या नव्हत्या ना?"

"चुकतील कशा?" सासूबाई म्हणाल्या. "माझी थोरली सून स्वतःच्या हाताने देत होती. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं केलंय तिने."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. चौदा वर्षांत सासूबाईंनी तिचं कौतुक चारचौघांत असं पहिल्यांदा केलं होतं. धाकट्या दिराचे डोळे भरून आले होते. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. धाकटीला आत नेलं असतं, आणि ती वाचली नसती तरी दोष नशिबाला गेला असता.

"चुकल्या," थोरली म्हणाली. "मी तिला अर्धी देत होते. नंतर एक दिवसाआड. उरलेल्या मी घेतल्या."

सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "डॉक्टर, दमलीय हो ती. जागरणं झालीत, काहीच्या काही बोलतेय. घरातल्या गोष्टी आम्ही घरी बघू."

"दमलेली नाही मी. फोनवरही मीच बोलत होते. तीन उशा माझ्या होत्या. जिना माझा होता. बरं मला वाटत होतं, ती बिचारी..."

"खरं आहे," सिस्टर हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "हाच आवाज. दोन महिने मी यांच्याशी बोलतेय."

थोरला ताडकन उठला. हात उगारलाच होता त्याने, पण डॉक्टरीणबाई मध्ये आल्या. "ऑपरेशन थांबवा," त्यांनी आत सांगितलं. "अंगातलं पाणी काढायचं इंजेक्शन सुरू करा, ठोके आवरा. ही गोळ्यांवाचून झालेली गोष्ट आहे." मग त्या थोरलीसमोर खाली बसल्या आणि तिच्या पोटरीवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे खळगा तसाच राहिला.

"कधीपासून?"

"तिला काही नाही हो," थोरला म्हणाला.

"मी यांना विचारतेय."

"नऊ वर्षं," थोरली म्हणाली.

सिस्टरने त्याच दुपारी पाहणीतल्या सगळ्या घरांची यादी काढली. ज्यांना ती रुग्ण समजून फोनवर बोलत आली होती ते खरंच रुग्ण होते का, हे तिला आता छातीठोकपणे सांगता येईना. तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं की आजवरची एकही नोंद मी खरी धरत नाही. प्रत्येक घरी स्वतः जाईन, रुग्णाला डोळ्यांनी बघेन, आणि घरातल्या बाकीच्या बायकांनाही हेच प्रश्न विचारीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्ष लागेल. सिस्टर म्हणाली, लागू दे.

तिसऱ्या दिवशी धाकटी उशीला टेकून बसली. नळी निघाली होती, छाती उघडावी लागली नव्हती. शेजारच्याच कॉटवर थोरली होती, तपासण्यांसाठी ठेवलेली. तीन दिवसांत धाकटी तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. उलट डॉक्टरांचा घोळका थोरलीच्या कॉटभोवती जास्त वेळ थांबायला लागला, तेव्हा धाकटीने तोंड फिरवलं. कालपर्यंत हे सगळे आपले होते, असं तिला वाटून गेलं. मत्सर काही थोरलीची एकटीची जहागीर नव्हती.

थोरलीची झडप पार निबर झाली होती. फुग्याने भागण्यासारखं नव्हतं. "नऊ वर्षांपूर्वीच आणलं असतंत तर हिच्यासारखंच चार दिवसांत झालं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता बदलावीच लागेल. जोखीम आहे, पण न करण्यात त्याहून जास्त आहे. याच आठवड्यात करू."

त्या गेल्यावर थोरल्याने कॉटखालची पिशवी ओढली. "चल. महिनाभराने आणतो तुला. आधी ही एक घरी येऊ दे."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "दोघी इथे पडल्या तर घर कसं चालायचं? तीन दिवस चादरी तशाच पडल्यात. हॉटेलवाला दोनदा येऊन गेला."

सवयीने थोरलीने पाय खाली सोडले. चपला शोधू लागली.

"त्यांना नेऊ नका," धाकटी म्हणाली.

सगळे वळले. धाकटीला अजून बोलताना दम लागत होता, पण ती थांबली नाही. "मी त्यांना माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. मी गुदमरत होते आणि यांना दिसत होतं. पण त्यांना घरी नेलंत तर त्या त्याच जिन्यावर मरतील, आणि ते मलाही दिसतंय, तुम्हालाही. मग माझ्यात आणि त्यांच्यात, त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

"तू गप्प बस," सासूबाई कडाडल्या. "धाकट्या सुनेनं बोलायचं नसतं मध्ये. आपल्या घरात थोरली बोलते. ती काय ते सांगेल." आणि त्या थोरलीकडे पाहत राहिल्या. ती उठेल, चपला घालेल, नेहमीसारखं निभावून नेईल, याची त्यांना खात्री होती.

थोरलीने चपला शोधायच्या थांबवल्या. आधी ती धाकटीकडे बघत राहिली. धाकटीने नजर चुकवली. मग ती सासूबाईंकडे वळली.

"बरं, थोरली म्हणून मीच सांगते," ती म्हणाली. "आपल्या घरात दोन बायका आजारी आहेत. एक नाही, दोन. दोघीही बऱ्या होईपर्यंत इथून हलणार नाहीत."

"आणि घरी कोण?" थोरल्याने विचारलं.

"घरी तुम्ही तिघं आहात," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन आडवी झाली.

थोरल्याने हातातली पिशवी पुन्हा कॉटखाली सरकवली.